तीन तिरकी भोकं

खंडेनवमीला शेडमध्ये आवाज करायचा नाही, हा मारुतरावांचा नियम होता. कुरुळीच्या या जागेवर गोठा होता तेव्हा त्या दिवशी नांगराला सुट्टी असे. गोठा गेला, गोजाई फॅब्रिकेटर्सची शेड उभी राहिली, आणि तीच सुट्टी प्रेसला, ड्रिलला, वेल्डिंग मशीनला मिळाली. आदल्या संध्याकाळी मेन स्विच पाडायचा, फरशी धुवायची, हत्यारं पुसून सतरंजीवर मांडायची आणि दसरा उजाडेपर्यंत साधा नटसुद्धा फिरवायचा नाही. त्या वर्षी मशिनांनी नियम पाळला. माणसांचा मात्र सकाळी दहा वाजताच तोल गेला.

निमित्त होतं एका स्टँपपेपरचं. मारुतरावांच्या थोरल्या मुलानं, साहेबरावांनी, तो पूजेच्या ताटात ठेवला होता. वर सुपारी, सुपारीला हळदकुंकू, अगदी लग्नपत्रिकेचा थाट. धाकटी सून पूनम झेंडूच्या माळा घेऊन आली. कागद ओला व्हायला नको म्हणून तिनं तो उचलला, आणि उचलला म्हणून वाचला.

'मी, सौ. पूनम रोहिदास, लिहून देते की सदर ट्रॉलीचे डिझाइन श्री. रणजीत साहेबराव यांनी स्वतंत्रपणे केले असून मी त्यांच्या सूचनेनुसार मदतनीस म्हणून काम केले आहे. या डिझाइनवर माझा कोणताही हक्क नाही.'

तिच्या सहीची जागा मोकळी होती. शेजारी साक्षीदाराची सही होऊन गेली होती. लांब शेपटीचा 'र'. हा 'र' पूनमनं मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पाहिला होता. तिच्या नवऱ्याचा, रोहिदासचा.

मदतनीस. महाळुंग्याच्या कंपनीत ती सहा वर्षं कंत्राटावर होती, तेव्हा तिच्या कार्डावर 'हेल्पर' छापलेलं असायचं. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा ती हेल्परच होती. आज त्या शब्दानं तिच्या कानशिलाला आग लागली.

"दादा," ती साहेबरावांना म्हणाली, "हे काय हाय?"

साहेबराव सतरंजीवर मारतूल आणि पाने ओळीनं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "काही नाही गं. वकिलाची फॉर्मॅलिटी. डिझाइन रजिस्टर करायचंय ना, म्हणून ज्याचा ज्याचा हात लागला त्याच्याकडून लिहून घेतोय. बारा वाजता कंपनीच्या निशिगंधा मॅडम येतील. पहिली ट्रॉली आणि कागद त्यांच्या हातात द्यायचे. तू सही कर नि नारळ फोडायला घे."

"माझा हात लागला?"

"लागलाच की."

"माझा नुसता हात लागला?"

आता साहेबरावांनी वर पाहिलं. सतरंजीच्या पलीकडे मारुतराव खुर्चीत बसून होते, त्यांच्या पायाशी त्यांची बायको गोजाबाई वाती वळत होत्या. रोहिदास ड्रिलला हार घालत होता. त्याचा हात हारावरच थांबला. रणजीत, साहेबरावांचा मुलगा, लॅपटॉपला कुंकवाचं बोट लावून तो पान्यांच्या शेजारी ठेवत होता. बंगळूरला चार वर्षं डिझाइन शिकून आलेला सव्वीस वर्षांचा पोरगा. त्याचं हत्यार तेच होतं. त्यालाही पूजेत जागा मिळाली होती.

मधोमध ट्रॉली उभी होती. काल संध्याकाळी भोसरीहून रंग लावून आलेली, निळीशार, अजून प्लॅस्टिकात गुंडाळलेली, वरून माळ घातलेली. कंपनीच्या लाइनवर सुट्या भागांचे क्रेट घेऊन जाणारी ट्रॉली. गंमत एवढीच की वरचा क्रेट उचलला की खालचा ट्रे स्प्रिंगवर आपोआप वर येतो, त्यामुळे उचलायचा क्रेट कायम कमरेच्या उंचीवर असतो. बाईला वाकावं लागत नाही.

ही गंमत पूनमला सुचली होती, आणि ती काही झोपेत सुचली नव्हती. लाइनवर तिच्या शेजारी लातूरकडची चिमाबाई उभी असायची. मिनिटाला दोनदा जमिनीपर्यंत वाकायची. पाचव्या वर्षी एका दुपारी वाकली ती सरळच झाली नाही. तिला चौघींनी उचलून नेलं. तिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपलं आणि पुन्हा झालं नाही. पूनमचंही नंतर सुटलं. पण त्या दुपारनंतर तिच्या डोक्यात एक ट्रे वरखाली व्हायला लागला, तो थांबेचना.

कागदावर तिला जमत नसे. ती खडू घ्यायची आणि फरशीवर पुऱ्या मापाचं चित्र काढायची. मग त्या चित्रात उभी राहायची, आडवी व्हायची, हात कुठवर पोचतो ते बघायची. कामगार हसायचे. मग हसायचे थांबले आणि चित्रावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जायला लागले. अकरा ट्रॉल्या झाल्या. दहा मोडल्या. अकरावी टिकली; ती रणजीतनं मापं घ्यायला सुटी केली, ती पुन्हा जोडलीच नाही. तिचं चित्र ड्रिलच्या बाजूला वर्षभर तसंच होतं.

काल फरशी धुतली, तेव्हा ते चित्रही गेलं. साहेबरावांनी मुद्दाम येऊन सांगितलं होतं, 'यंदा कोपरे नीट घास, मॅडम येणारेत.' आणि पूनमनंच खराटा घेतला होता. सणाचं काम म्हणून, हौसेनं. स्वतःच्या हातानं आपला एकुलता एक पुरावा मोरीत सोडला होता. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं, आणि साहेबरावांपेक्षा तिला स्वतःचाच जास्त संताप आला.

"अहो," ती रोहिदासकडे वळली. "ही सही तुमची?"

"दादा म्हणले कर. मी काय वाचलं न्हाई."

"वाचलं न्हाई? अकरा ट्रॉल्या तुमी वेल्ड केल्या. शेवटचीला तर पहाटेचे उठून आलात. तवा कुणाच्या सूचनेनं करत होतात ते ठावं होतं ना? का तेपण वाचलं नव्हतं?"

रोहिदासनं हार सरळ केला. सरळ असलेला हार त्यानं पुन्हा सरळ केला. भावापुढे त्याचं तोंड उघडत नसे, हे पूनमला लग्नापासून माहीत होतं. पण आपल्याविरुद्ध त्याचा हात चालेल, हे तिला माहीत नव्हतं.

"पूनम, आवाज खाली," मारुतराव म्हणाले. "आज खंडेनवमी हाय."

"हाय ना, मामा. हत्यारांची पूजा हाय. मंग माझं हत्यार कुठं हाय सतरंजीवर? खडू ठिवला का कुनी?"

"काकी," रणजीत मध्ये पडला. त्याचा आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणानंच तिला जास्त झोंबलं. "तुझा मला आदर आहे. खरंच. पण एक समजून घे. आयडिया कुणालाही येते. आयडिया म्हणजे डिझाइन नाही. तू जे केलंस तो जुगाड होता. छान जुगाड. मोपेडची स्प्रिंग, भंगारातला अँगल, प्रत्येक ट्रॉलीचं माप वेगळं. कंपनीला चारशे हव्यात. अशा चारशे ट्रॉल्या होऊ शकतात का? मी पंचवीस ड्रॉइंग्ज केली. स्प्रिंगचं गणित केलं. लोड टेस्ट केली. माप कुठं किती इकडंतिकडं चालेल ते ठरवलं. त्याशिवाय कंपनीचा वॉचमनसुद्धा ती ट्रॉली गेटमधून आत घेत नाही. ते काम माझं आहे. प्रोफेशनल काम आहे."

पूनमला हे ऐकताना सगळ्यात वाईट काय वाटलं, तर त्यातलं बरंचसं खरं होतं. पोरगा राबला होता. जूनपासून रात्रंदिवस त्या लॅपटॉपपुढे वाकून बसला होता. तिच्याजवळ त्यानं मागितलं असतं तर तिनं अर्धं काय, पाऊण श्रेय आनंदानं दिलं असतं. वर ताट वाढून जेवू घातलं असतं. पण त्यानं मागितलं नव्हतं. उचललं होतं, आणि वर तिच्याकडूनच लिहून घ्यायला निघाला होता.

"तुझं काम तुझंच हाय, रणजीत. पंचवीस ड्रॉइंगवर पंचवीसदा तुझं नाव लिव. पण 'स्वतंत्रपणे' कामून लिवलंस? मी मोडलेल्या दहा ट्रॉल्या कुठं गेल्या? त्या पण तूच मोडल्यास का?"

"रजिस्ट्रेशनला असं अर्धंअर्धं नाही लिहिता येत."

"लिवता येतं. तुला लिवायचं न्हाई."

"बरं, लिहिलं तुझं नाव," साहेबराव उसळले, "मग मॅडमनी विचारलं, 'यांचं शिक्षण काय', तर काय सांगू? दहावी? 'याआधी कुठं होत्या', तर काय सांगू? तुमच्याच शेजारच्या कंपनीत हेल्पर होत्या? हसतील राव लोक! मोठी कंपनी आहे ती. तिला डिझायनर लागतो. डिग्रीवाला लागतो."

"कंपनीला ट्रॉली लागती, दादा."

मारुतरावांनी काठी आपटली. निर्णय द्यायच्या आधी ते काठी आपटत. गोठ्यात बैल आवरायची सवय, ती माणसांवर आली होती. "पुरे! नाव त्याचं काय अन् तुझं काय, एकाच घरातलं हाय. घरातलं नाव घरातच ऱ्हातंय."

"मंग माझंच लिवा की, मामा," पूनम म्हणाली. "घरातच ऱ्हाईल."

मारुतरावांनी काठी पुन्हा उचलली आणि न आपटताच मांडीवर आडवी ठेवली. त्यांच्या मदतीला गोजाबाई धावल्या. धाकट्या सुनेशी त्यांचं बीडच्या बोलीपासून भाजीतल्या मिठापर्यंत एकाही गोष्टीत जमलं नव्हतं.

"अगं, पन बाईमानसाचं नाव कंपनीच्या कागदावर हवं कशापायी? आमी न्हाई कधी असलं काय मागितलं."

"तुमाला मागावं लागलं न्हाई, आत्याबाई. बाहेर पाटी बगा. गोजाई फॅब्रिकेटर्स. आठ फूट लांब हाय."

गोजाबाईंनी वात वळता वळता सुनेकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, हे पूनमला जाणवलं आणि नवल वाटलं.

रणजीतनं पिशवीतून रंगीत पुस्तिका काढली. मॅडमसाठी छापलेली. त्यानं ती पूनमपुढे धरली, परीक्षेत पेपर दाखवावा तशी. "हे बघ. तुला वाटतं मी नुसतं कॉपी केलं. हे रूप, ही ओळख, ह्यातलं काही तुझ्या ट्रॉलीत होतं का? ड्रॉइंग पाहून मॅडमना सगळ्यात काय आवडलं? हे." त्यानं बोट ठेवलं.

चित्रात ट्रॉलीचा खांब जवळून दाखवला होता. खांबावर तीन गोल भोकं, खालून वर तिरकी चढत गेलेली. खाली छापलं होतं: 'चढती तीन वर्तुळं. उंचावत जाणाऱ्या कामगाराचं प्रतीक. वजनातही बचत.'

पूनमनं ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती हसायला लागली. ते हसणं चांगलं नव्हतं. रोहिदासनं दचकून मागे पाहिलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "जरा इकडं या. तुमाला वाचता येत न्हाई, पण हे चित्र बगा. कशाची भोकं हायेत ही?"

गोजाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. पुस्तिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "अगं बया," त्या म्हणाल्या, "ही तर माझ्या फाटकाची भोकं!"

"कुठल्या फाटकाची, आजी?" रणजीतनं विचारलं.

"गोठ्याच्या रं. लोखंडाचं फाटक होतं. दर पावसाळ्यात मातीत बसायचं, खाली खाली जायचं, मग कडी काय जुळायची न्हाई. तुजे आबा दर साली कडीसाठी नवं भोक पाडायचे, आधीच्याच्या वर, जरा बाजूला. तीन सालं पाडली. चौथ्या साली म्हशी इकल्या, फाटक भंगारात टाकलं." त्यांनी बोटानं एकेक भोक मोजलं. "हे पाटलाची म्हैस पळाली त्या सालचं. हे रोहिदासाला कांजण्या आल्या त्या सालचं. तिसरं काय मला आता आठवत न्हाई."

"त्याच फाटकाचा अँगल मी अकराव्या ट्रॉलीला खांब म्हणून लावला," पूनम म्हणाली. "हातात तोच होता म्हणून. त्या भोकांचा काई उपयोग नव्हता, काई अर्थ नव्हता. तुला माझ्या ट्रॉलीतलं एकच काय ते आवडलं, रणजीत, अन् ते नेमकं माझंपण न्हाई. म्हशीचं हाय."

रणजीतचे कान लाल झाले. पुस्तिकेचं पान त्यानं मिटलं, पुन्हा उघडलं. त्या क्षणी तो पोरगा तिला फार लहान दिसला, आणि तिला त्याची दया आली असती; पण साहेबरावांनी ती येऊ दिली नाही.

"बरं मग?" ते म्हणाले. "म्हशीची तर म्हशीची. मॅडमना आवडलीत ना? विषय संपला. साडेअकरा झाले. पूनम, सही कर."

"आवडली म्हणून चारी खांबांना घेतली मी," रणजीत स्वतःशीच बोलावं तसं पुटपुटला. "एकच ड्रॉइंग, एकच पार्ट. चारी सारखे."

"काय म्हणलास?"

पूनमनं त्याच्या हातातली पुस्तिका बाजूला सारली. ती ट्रॉलीपाशी गेली आणि तिनं टराटर प्लॅस्टिक फाडलं. ट्रॉली भोसरीला रंगायला गेली तेव्हाही तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि परत आल्यावर ती पूजेच्या दिवशीच उघडायची असं ठरलं होतं. ती ट्रॉली पूनम आज पहिल्यांदा उघडी बघत होती. चारही खांब सुबक, पातळ, गुळगुळीत. चारहींवर तीन तीन तिरकी भोकं, गोठ्याच्या भोकांपेक्षा दुप्पट मोठी. आणि मागच्या दोन खांबांवर वरच्या भोकाला खेटून स्प्रिंगचा हूक वेल्ड केलेला.

तिच्या ट्रॉलीत भोकांचा खांब पुढच्या बाजूला होता. त्याच्यावर भारच नव्हता. सगळा भार मागच्या दोघांवर, आणि ते सबंध होते, जाड होते.

हे पोखरलेले खांब भार पेलणार नाहीत, हे तिला बघताक्षणी कळलं. मग त्यामागून दुसराच विचार आला, आणि तो फार गोड होता. गप्प बसावं. सही करावी. मदतनीसाची जबाबदारी कसली? जाऊ देत चारशे ट्रॉल्या, प्रत्येकीवर रणजीतचं नाव. महिन्याभरात जेव्हा एकेक खांब मान टाकेल, तेव्हा कळेल स्वतंत्रपणे म्हणजे काय ते. असा जळफळाट तिच्यात आहे हे तिलाही नवीन होतं. ती त्या विचारात पुरते चार श्वास रमली.

पाचव्याला तिच्या डोळ्यांपुढे ट्रेखाली घातलेला एक हात आला. बांगड्यांचा, हातमोजा फाटलेला. क्रेट ओढायला बाई हात खालीच घालते. दुसरीकडून घालताच येत नाही.

"ही ट्रॉली मोडणार," ती म्हणाली.

"काकी, प्लीज! आता रागानं काहीही बोलू नकोस." रणजीतचा मऊपणा संपला होता. "मी टेस्ट केली आहे. दीडशे किलो, चोवीस तास. काही झालं नाही."

"क्रेट कसे ठिवलेस?"

"म्हणजे?"

"हातानं, अलगद?"

"अर्थात."

"तिथं कुनी ठेवत न्हाई रे बाबा. आदळतात! शिफ्ट संपायला दहा मिनिटं ऱ्हायली की लांबून फेकतात. सहा वर्षं मी स्वतः फेकलेत. माझी चौथी ट्रॉली अशीच वाकली, सातवी अशीच वाकली, म्हणून तर मागचे खांब जाड घेतले. तुला विचारायचं होतंस. एकदा, एकदाच विचारायचं होतंस, 'काकी, हे जाड का?' पण जुगाड करणाऱ्या बाईला कोण विचारतंय!"

"भरून बघू," ती पुढे म्हणाली. "आत्ता. इथं."

"आज न्हाई," मारुतराव गरजले. "आज कशालाबी हात लावायचा न्हाई."

"हत्याराला लावायचा न्हाई, मामा. ट्रॉली हत्यार न्हाई, माल हाय."

साहेबराव हाताची घडी घालून ट्रॉलीच्या आड उभे राहिले. पूनम कोपऱ्यातल्या लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेल्या क्रेटकडे गेली, वाकली, ओढला. पंचवीस किलोचा क्रेट जेमतेम हातभर सरकला. तेवढ्यात शेजारून दोन हात आले आणि क्रेट उचलला गेला.

रोहिदास होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. भावाकडेही पाहत नव्हता. "दादा, सरका," एवढंच म्हणाला. साहेबरावांना धाकट्याच्या तोंडून आलेली ही आज्ञा इतकी नवीन होती की ते खरोखरच सरकले.

पहिला क्रेट त्यानं ठेवला. ट्रे दबला, छान दबला. दुसरा ठेवला. "बघितलंस?" रणजीत म्हणाला.

तिसरा रोहिदासनं छातीपर्यंत उचलला आणि सोडून दिला. धाडकन आवाज झाला. खंडेनवमीच्या शेडमध्ये बावीस वर्षांत झाला नव्हता असा. ट्रॉली हादरली आणि स्थिरावली. चौथा त्याहून वरून सोडला. कुठंतरी लोखंड कण्हलं. पाचवा त्यानं फेकला, शिफ्ट सुटताना फेकतात तसा. त्यात राग होता, आणि तो कुणावरचा होता हे पूनमला बरोबर कळलं.

मागचा उजवा खांब वरच्या भोकापाशी दुमडला. स्प्रिंग सुटून छताच्या पत्र्यावर आदळली. ट्रे एका बाजूला कलंडला, झेंडूची माळ तुटली, आणि लोखंडाचे तुकडे सतरंजीवरच्या पान्यांमध्ये, कुंकवात, समईपर्यंत विखुरले.

मग साहेबराव खाली बसले. "बारा वाजता येतायत त्या," ते म्हणाले. "काय सांगू? काय दाखवू आता?"

"खरं सांगा. पंधरा दिवस मागा. चित्र बदलून देतो म्हणा," पूनम म्हणाली.

"बदलता येईल?" हे रणजीतनं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण प्रश्न खरा होता. आज पहिल्यांदाच त्यानं तिला काहीतरी विचारलं होतं.

"तुला येईल. मी सांगीन तसं. तू म्हणालास ते खोटं न्हाई, गणित तुझंच लागंल. माझ्या खडूनं चारशे होत न्हाईत."

गोजाबाई नारळ घेऊन उठल्या. दगडावर आपटून फोडला. मग ताटातला स्टँपपेपर उचलला, सुपारी बाजूला केली आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे त्या कागदावर काढले. पाणी अक्षरांतून पसरलं.

"आई! अगं कागद!" साहेबराव ओरडले.

"मला कुठं वाचता येतंय," गोजाबाई म्हणाल्या आणि त्याच कागदावरून मारुतरावांपुढे प्रसाद धरला. मारुतरावांनी कागदाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि खोबऱ्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

रणजीत फरशीवर मांडी घालून बसला. कुंकू लावलेला लॅपटॉप त्यानं मांडीवर घेतला. आज हत्याराला हात लावायचा नाही, हे या वेळी कुणीच म्हणालं नाही. पडद्यावर ट्रॉलीचं पूर्ण चित्र आलं.

"सांग, काकी. कुठून सुरू करू? मागच्या खांबापासून?"

"खाली उजव्या कोपऱ्यातनं."

"तिथं काय चुकलंय?" तो बोलता बोलता थांबला. खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकोन होता. कंपनीचं नाव, तारीख, माप, आणि 'ड्रॉइंग' व 'डिझाइन' या दोन्ही शब्दांपुढे त्याचं नाव.

त्यानं मान वर करून आजोबांकडे, मारुतरावांकडे पाहिलं.

"आबांकडं कामून बघायलास? त्यांनी भोकं पाडली, चित्र मी काढलं. खोड."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. साहेबराव फाटकाकडे धावले आणि अर्ध्यातून परत आले. "अरे लिही, लिही पटकन! गाडी आत येतेय," ते मुलाला म्हणाले, जणू ही त्यांचीच सूचना होती.

रणजीतनं आपलं नाव खोडलं. नाही म्हटलं तरी एकेक अक्षर खोडताना त्याला जड गेलं, आणि ते पूनमनं पाहिलं. "ड्रॉइंगच्या चौकोनात तुझं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ते तुझं हाय. डिझाइनच्या चौकोनात माझं टाक."

त्यानं 'पूनम' लिहिलं आणि पुढे 'रो' टाकला.

"थांब," ती म्हणाली.

रोहिदास विखुरलेले तुकडे भरून झालेला क्रेट उचलून तिच्या मागे उभा होता. त्याच्या अंगठ्याला कापलं होतं. ती वळली नाही.

"ते 'रो' काढ. सध्या नुसतं पूनम ऱ्हाऊ दे. पुढं कुणाचं नाव लावायचं ते मी ठरवून सांगीन."

रणजीतनं 'रो' खोडला. रोहिदासनं हातातला क्रेट खाली ठेवला, आणि ठेवताना तो आदळणार नाही याची फार काळजी घेतली.